मंजूषाच्या घरातली साखर

चहा मीच केला. कुणी मागितला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे यशोधनने, मंजूषाने आणि मी स्वतः माझ्यावर जे काही तोंडसुख घेतलं त्यात मुद्दा हा एकच होता.

यशोधन माझा नवरा. सॉफ्टवेअरवाला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात किडा वळवळला की पुण्यातला फ्लॅट विकायचा, लॅपटॉप पाठीला लावायचा आणि लेकीला घेऊन युरोप बघत हिंडायचं. "भिंती काय गं, कुठेही असतात," असं म्हणायचा. नोकरी घरबसल्याच होती, तेव्हा घर कुठलं याने कुणाचं काय बिघडणार होतं? गुंजन तेव्हा साडेपाच वर्षांची. मी नाही म्हटलं नाही, हे खरं. मलाही बँकेतल्या त्याच त्या काउंटरचा वीट आला होता. आणि खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने लिस्बनच्या ट्रॅममधले फोटो पाठवून नणंदांना जळवलंसुद्धा.

लिस्बननंतर स्प्लिट, मग झाग्रेब, मग व्हॅलेन्सिया. कुठे दोन महिने, कुठे पाच. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते आम्ही. चार बॅगा, एक कुकर आणि स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळलेले देव. सासूबाईंनी एका दिवाळीला लिस्बनला फराळ पाठवला, तो पोचेपर्यंत आम्ही गाव सोडलं होतं. चकल्या फिरून पुण्याला परत गेल्या. फोनवर सगळे हसले. गुंजन नाही हसली. तिला त्या चकल्या हव्या होत्या.

व्हॅलेन्सियात एका सकाळी ईमेल आली आणि यशोधनची नोकरी गेली. मग बरेच उंबरे झिजवल्यावर आइंडहोवनच्या एका कंपनीत लागली, परमिटसकट. आता स्थिर होऊ, म्हणून आम्ही नेदरलँड्सला आलो. आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो. इथे नोकरी मिळते, घर मिळत नाही. भाड्याच्या एका घरामागे शंभर अर्ज, आणि त्यात आमचा शंभरावा. जे मिळतं ते आडवाटेचं: सुट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्याची खोली, नाहीतर हॉलिडे पार्कातली लाकडी केबिन. तिथे झोपता येतं, पण पत्ता लावता येत नाही. आणि इथे पत्त्यावाचून माणूस नाहीच. खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तुमचं नाव एखाद्या घरावर नोंदवलं गेलं की नंबर मिळतो. त्या नंबरावर पगार, विमा, डॉक्टर, सगळं. आम्ही रॉटरडॅमला सहा आठवडे काढले, डेल्फ्टमध्ये चार, आणि यशोधन रोज पहाटेची ट्रेन धरून ऑफिसला जाऊन यायचा. "भिंती कुठेही असतात" हे वाक्य त्याच्या तोंडून तेव्हापासून ऐकलं नाही.

मंजूषा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. अकरा वर्षं इथे आहे. आइंडहोवनला लागून न्यूनेन म्हणून शांत गाव आहे, तिथे तिचं आणि अभिरामचं स्वतःचं घर. माझे हाल बघून तीच आपणहून म्हणाली, "कागदावर माझ्याकडे राहा."

"खोटं आहे गं हे."

"कागदावरच तर आहे. वरची खोली रिकामीच असते. राहिला असतात तर काय बिघडलं असतं?"

मग खरंच राहू दे की, असं मी म्हटलं नाही. तीही म्हणाली नाही. अभिरामला पाहुणे तीन दिवस चालतात, चौथ्या दिवशी त्याचं डोकं दुखायला लागतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तेव्हा सरकारच्या लेखी आम्ही मंजूषाच्या वरच्या खोलीत राहत होतो, आणि प्रत्यक्षात वीस किलोमीटरवर, पाइनच्या झाडांत, हॉलिडे पार्कातल्या केबिनमध्ये.

त्या पत्त्यामुळे गुंजनला न्यूनेनची शाळा मिळाली. सप्टेंबरात पहिल्या दिवशी ती बाहेर आली ती उड्या मारतच. "आई, आय हॅव अ हुक!" मला कळेना. मग हात धरून आत घेऊन गेली. वर्गाबाहेर कोट अडकवायला खुंट्यांची रांग होती आणि एका खुंटीवर पट्टी: गुंजन. बाईंनी शेजारी छोटा भुंगा काढला होता, नावाचा अर्थ कुणाला तरी विचारून. दोन-अडीच वर्षांत माझ्या पोरीच्या नावाची ही पहिली जागा. मी तिथेच कॉरिडॉरमध्ये रडले. ती म्हणाली, "मम्मा, नॉट हिअर."

मग फेना नावाची मैत्रीण झाली. मग डच यायला लागलं, इतकं की माझे उच्चार ऐकून कानांवर हात ठेवायची. रात्री झोपेत दात खायची ते थांबलं. मला युरोप नको होता, परमिट नको होतं, नद्या नि पूल नि म्युझियमं तर मुळीच नको होती. ही शाळा टिकली पाहिजे, ती खुंटी टिकली पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं. त्यासाठी मी सकाळी दोन बस बदलून तिला सोडायला जायची आणि दोन बस बदलून परत यायची. कुरकुर केली नाही. बरं, केली, पण यशोधनपाशीच.

बुधवारी इथल्या शाळा दुपारीच सुटतात. त्या दिवशी आम्ही दोघी मंजूषाच्या घरी थांबायचो. ती आणि अभिराम ऑफिसात असायची, किल्ली माझ्याकडे होती. संध्याकाळी यशोधन येऊन आम्हाला घेऊन जायचा. मंजूषा सकाळी जाताना डायनिंग टेबलावर थर्मासमध्ये चहा आणि बशीत खारी ठेवायची. "काही लागलं तर घे गं, कपाटं उघड," असं दर वेळी बजावायची. मी कधी उघडली नाहीत. माझ्या आईची शिकवण होती: कितीही जवळची असो, दुसरीच्या ओट्याला हात लावायचा नाही, डबे उचकायचे नाहीत. त्यात मी आधीच तिच्या पत्त्यावर फुकट राहत होते, निदान कागदावर. सात महिने मी चहा प्यायले, कप विसळून पालथा घातला आणि मुकाट सोफ्यावर बसले. मला वाटायचं, हीच माझी अब्रू.

फेब्रुवारीत मंजूषाकडे खेमेंतेचं पत्र आलं. पत्त्यांची पडताळणी चालू आहे, घरी माणसं येऊ शकतात. अभिरामचा आवाज फोनमागून मला ऐकू आला, "सांगत होतो, अंगाशी येईल." पण मंजूषा खमकी. तिने वरच्या खोलीत तीन गाद्या घातल्या, आमचे कपडे कपाटात लावले, बाथरूममध्ये तीन टूथब्रश ठेवले आणि ते ओलेसुद्धा केले. मला बजावलं, "मी नसताना कुणी आलं तर आत घेऊ नकोस. अपॉइंटमेंट घेऊन या म्हणायचं. आत घ्यायची सक्ती नसते, मी वाचलंय."

आणि गुंजनची तालीम. केबिनमध्ये रोज जेवताना यशोधन विचारायचा, "तू कुठे झोपतेस?"

"अपस्टेअर्स. बाय द विंडो."

"कुठल्या बेडवर?"

"द वन विथ द ब्लू ब्लँकेट." मग एकदा चमचा खाली ठेवून म्हणाली, "बट इट्स अ लाय, बाबा."

"लाय नाही गं. नाटक आहे असं समज."

"इन अ प्ले एव्हरीबडी नोज," ती म्हणाली. यशोधनने भात कालवायला घेतला. पोरीने आम्हा दोघांना उभं चिरलं होतं आणि आम्ही वरण वाढून घेत होतो.

मार्चमधला बुधवार. आडवातिडवा पाऊस, छत्री उलटी करणारा वारा. तीनच्या सुमाराला बेल वाजली. दारात दोघं: एक साठीकडे झुकलेली बाई, केसांतून पाणी निथळतंय, चष्म्यावर वाफ, आणि पन्नाशीचा एक माणूस, जॅकेटच्या आत टॅब्लेट धरून. ओळखपत्र दाखवलं. बाई इंग्रजीत स्वच्छ म्हणाली, "आम्हाला आत घेणं तुमच्यावर बंधनकारक नाही. नको असेल तर सांगा."

तिनेच सांगितलं हो! वाक्य माझ्या तोंडाशी होतं. अपॉइंटमेंट घेऊन या. आणि मी काय म्हणाले? "कम, कम, आत या." आईच्या वयाची बाई, भिजलेली, दारात उभी. तिला पावसात ठेवून दार लावायचं माझ्या हातून झालं नाही.

तरीही निभावलं. वर गेलो, त्यांनी खोली पाहिली, कपाट पाहिलं, टूथब्रश पाहिले. बाईने गुंजनला डचमध्ये विचारलं, आणि गुंजनने डचमध्ये सांगितलं, खिडकीशी, निळ्या पांघरुणात. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मला कौतुक वाटलं आणि लगेच लाज वाटली. माणसाने टॅब्लेटवर खुणा केल्या. खाली येऊन बाईने जॅकेटची चेन ओढली. "सगळं ठीक दिसतंय. तुमचा वेळ घेतला, सॉरी."

सुटलो! छातीवरचा धोंडा उतरला. शाळा राहिली, खुंटी राहिली. मला तिला मिठीच मारावीशी वाटली. आणि त्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा घेता का? इंडियन टी. भिजलायत अगदी."

तिने सहकाऱ्याकडे पाहिलं, बाहेरच्या पावसाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आवडेल." दोघं डायनिंग टेबलाशी बसली. इथली स्वयंपाकघरं उघडी असतात. टेबलावरून ओटा लख्ख दिसतो.

थर्मास होता, पण त्यात माझ्यापुरता उरलेला अर्धा कप. तो काय द्यायचा पाहुण्यांना? मी शेगडी लावायला गेले. काचेची शेगडी, बोटाने लावायची. तिच्यावर कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं, काही केल्या उघडेना. बरं, म्हटलं, केटल आहे. केटल लावली. फ्रिजमधून दूध काढलं. चहापत्ती दुसऱ्या कपाटात सापडली, तिथपर्यंत ठीक होतं.

"साखर किती?" मी विचारलं.

"एक चमचा, प्लीज."

डावीकडचं कपाट उघडलं: पोहे, रवा, डाळी. उजवीकडचं: ताटं. वरचं: पापड आणि पुरणयंत्र. ड्रॉवर ओढला तर त्यात फॉइल नि मेणबत्त्या. दर कपाटाचं दार लागताना ठक्क करून आवाज व्हायचा आणि मागे टेबलाशी कुणी बोलत नव्हतं. गुंजन खुर्चीवरून उतरली आणि खालची कपाटं उघडू लागली, हळूच, आवाज न करता. तिला कळलं होतं. तिला माझ्याआधी कळलं होतं. शेवटी एक पांढरा डबा मिळाला. मी झाकण काढलं, बोट ओलं केलं, जिभेला लावलं. मीठ.

स्वतःच्या घरात कुणी डब्यातलं चाखून बघतं का?

मी वळले. बाई माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"सप्टेंबरपासून राहताय ना इथे?" तिने विचारलं.

"हो."

"साखर राहू द्या," ती म्हणाली. तिने कप ओढून घेतला आणि तो कडू चहा घोट घोट करत सगळा प्यायली. माणसाने टॅब्लेट पुन्हा उघडला होता.

तेव्हा गुंजन बोलली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ओट्याला पाठ लावून ती उभी होती आणि म्हणाली, "आय स्लीप अपस्टेअर्स. बाय द विंडो. विथ द ब्लू ब्लँकेट." मग तेच डचमध्ये. मग पुन्हा इंग्रजीत, जरा मोठ्याने, आवाज फाटेपर्यंत. बाईने चष्मा काढून पुसला. "छान आहे ते निळं पांघरूण," ती गुंजनला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही खरं कुठे राहता, मिसेस?"

मी सांगितलं. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं.

संध्याकाळी मंजूषाला सांगितलं. तिने सगळं ऐकलं, फ्रिज उघडला आणि स्टीलचा एक डबा माझ्यासमोर आपटला. साखर. "मुंग्या लागतात म्हणून फ्रिजमध्ये ठेवते! आई ठेवायची तशी!" नेदरलँड्समध्ये, मार्चच्या थंडीत, मुंग्या! दूध काढताना मी तो डबा स्वतःच्या हाताने बाजूला सारला होता. मला वाटलं लोणी असेल.

"तुला चहाचं एवढं काय पडलं होतं गं?" ती ओरडली. "निघाले होते ना ते? अकरा वर्षांत मी दारातल्या माणसाला चहा विचारलेला नाही. आणि विचारायचाच होता तर सात महिन्यांत एकदा तरी कपाट उघडायचं होतंस! मी काय परकी होते?"

मी तिच्या ओट्याचा मान ठेवला आणि तिने तो परकेपणा धरला. दोघींचंही बरोबर होतं. मी किल्ली टेबलावर ठेवली. तिने ती उचलली नाही, पण परतही दिली नाही.

महिन्याने पत्र आलं. त्या पत्त्यावरून आमची नावं कमी झाली. मंजूषा आणि अभिरामलाही दंडाची नोटीस गेली. आम्ही भरतो म्हटलं, तर अभिरामने एका ओळीचा मेसेज केला, "गरज नाही. कृपया पुन्हा संपर्क नको." मंजूषाचा फोन वाजायचा आणि बंद व्हायचा. वीस वर्षांची मैत्री होती आमची.

यशोधन पंधरा दिवस वणवण फिरला. एक दिवस केबिनमध्ये शिरला तोच हात वर करून. "मिळालं! रॉटरडॅम. चार महिने. आणि पत्ता लावता येतो, जयंती!"

"आणि शाळा?"

तो बुटांच्या नाड्या सोडत बसला. शाळेने काढलं नव्हतं तिला, उलट मुख्याध्यापिका म्हणाल्या, जमवता येत असेल तर येऊ दे. पण रॉटरडॅमहून न्यूनेन म्हणजे जायला दोन तास, यायला दोन तास. आठ वर्षांची पोर. पार्कातली केबिन सुट्टीच्या गर्दीसाठी आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर होती. "तुझ्या चहाने..." असं त्याने सुरू केलं. मी म्हटलं, "बोल ना. आणि तुझ्या युरोपने? पुण्यात माझं घर होतं, यशोधन. साखर कुठे आहे ते मला अंधारातही ठाऊक होतं." मग दोघंही बॅगा भरायला लागलो. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

शेवटच्या दिवशी शाळेत फेना रडली, वर्गाच्या बाईंचे डोळे भरले. गुंजन कोरडी. बाईंनी खुंटीवरची पट्टी अलगद सोडवली आणि तिच्या हातात दिली, भुंग्यासकट. गुंजनने ती पाहिली आणि परत केली. "इट्स फॉर द हुक," म्हणाली. "आय डोन्ट हॅव अ हुक." मग कोट हातावर टाकून बसस्टॉपकडे चालू लागली.

रॉटरडॅमची जागा सहाव्या मजल्यावर. यशोधन शिरल्या शिरल्या खिडकीशी गेला. "या, या, नदी बघा! बोटी बघा केवढ्या!" बिचारा. अजूनही त्याला वाटत होतं की खिडकीतून काहीतरी चांगलं दिसलं की पुरतं. गुंजन खिडकीकडे गेली नाही. तिने बॅग दाराशी ठेवली, बूट काढले आणि स्वयंपाकघरात गेली. मी देव कुठे ठेवावेत ते बघत होते. आतून कपाटं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज येत होते, एकामागून एक, सावकाश. मग माझ्या पिशवीतून काय काय काढून नेल्याचा आवाज. बराच वेळ.

"आई, इकडे ये." मराठीत. कित्येक महिन्यांत तिने मला मराठीत हाक मारली नव्हती.

मी गेले. ती स्टुलावर उभी होती. "हे बघ. चहा इथे. कप इथे. मीठ खाली, त्याच्यावर मी लिहिलंय. साखर इथे."

"बरं गं राणी. पण आता कुणी विचारायला येणार नाही. हे खरंच आपलं आहे. चार महिने."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या ओल्या चष्म्याच्या बाईने पाहिलं होतं तसंच, न रागावता. मग कपाट बंद केलं.

"डोळे मिट," ती म्हणाली. "साखर कुठे आहे?"

मी डोळे मिटले. "डावीकडच्या कपाटात. मधल्या फळीवर."

"परत सांग."

मी परत सांगितलं.